आमच्या तंबूत कुणी मेलं नाही

मी सिनेमे धुतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने विचारलं, "आपण काय करता?" तर मी एवढंच सांगतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत जिलेबी संपवतो. पुण्यात माझी दोन खोल्यांची लॅब आहे. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांची फिल्म तिथे येते. ती पुसायची, फाटली असेल तिथे सांधायची, यंत्रावर एकेक चित्र टिपून संगणकात घ्यायचं आणि मग त्यावरचे ओरखडे, डाग, बुरशी एकेक करून काढत बसायचं. एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. नायिकेने एकदा पापणी लववली की माझी सकाळ गेली. बायको मला पडद्याचा धोबी म्हणते, आणि इस्त्रीचे कपडे मात्र बाहेर टाकते.

गेल्या वर्षी 'पैलाडचा दिवा' माझ्याकडे धुवायला आला. मुंबईची एक कंपनी तो घरी बघायच्या डिस्कवर काढणार होती. आमच्या पिढीने तो टीव्हीवर रविवारी पाहिला आहे. हरी नावाचा नावाडी आणि त्याची आईवेगळी लहान बहीण गंगू. रोज संध्याकाळी हरी घरी आला की विचारतो, "नाव बांधलीस का गं?" आणि ती सांगते, "बांधली, दादा." शेवटी नदीला पूर येतो, वऱ्हाड पैलतीरावर अडकतं, हरी एकट्याने नाव घालून सगळ्यांना आणतो, लग्न लागतं, वरातीचं गाणं होतं आणि 'समाप्त'. आमची आई या गाण्याला डोळे पुसायची आणि वडील पंखा बंद करायला उठायचे.

काम बरं चाललं होतं. निगेटिव्हची आठ रिळं ठीक होती, नववं मात्र डबा उघडला तर गुळाच्या ढेपेसारखं एकसंध झालेलं. जुनी फिल्म कुजली की तिला व्हिनेगरचा वास येतो, तसा वास तीन दिवस माझ्या मिशीत राहिला. शेवटच्या रिळासाठी मग टीव्हीवर दाखवलेली प्रतच वापरायची ठरली. कंपनी म्हणाली, चालेल.

अशात वाईहून एक फोन आला. आवाज बाईचा, ठणठणीत.

"सिनेमा तुम्हीच दुरुस्त करताय ना? मग शेवट नीट लावा. शेवटी भाऊ मरतो."

मी नम्रपणे सांगितलं, की आजी, शेवटी वरात आहे.

"ती तुमच्या टीव्हीवर. वरातीनंतर तो घाटावर येऊन पडतो. मी त्याचे डोळे मिटते. मी म्हणजे गंगू. मोठेपणची."

मोठेपणची गंगू सगळ्या सिनेमात फक्त लग्नाच्या प्रसंगात दिसते, तीही मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्यांचा पडदा. चेहरा कुणीच पाहिलेला नाही. मी फोन ठेवला, सेन्सॉरचे जुने कागद काढले आणि त्यावर लिहिलेली लांबी पाहिली. माझ्याकडच्या सिनेमापेक्षा ती सात मिनिटांनी जास्त होती. सात मिनिटांत माणूस आरामात मरू शकतो. मी कंपनीकडे आठ दिवस मागून घेतले. ते म्हणाले, आठच. नवव्या दिवशी आहे तसा सिनेमा डिस्कवर जाणार.

वाई

खंबाटकीचा घाट उतरून वाईत शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. नाक्यावर महाबळेश्वरहून उतरलेल्या स्ट्रॉबेऱ्यांच्या पेट्या मांडलेल्या होत्या. म्हाताऱ्या नटीकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून एक पेटी घेतली आणि मोह आवरला नाही म्हणून दुसरी.

इंदूताई चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्टला आरसा आहे, दाराला कॅमेरा आहे आणि दिवाणखान्यातला टीव्ही आमच्या लॅबच्या दारापेक्षा मोठा आहे. वय ऐंशीला टेकलेलं, अंगावर कडक इस्त्रीची साडी (बायकोला सांगायला हवं), पायात स्पोर्ट्स शूज. त्यांचा मुलगा श्रीकांत बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालेला. त्याने मला पाणी दिलं आणि अगदी हळू म्हणाला, "आईच्या सांगण्यावर तुम्ही एवढ्या लांब यायला नको होतं."

"ऐकू येतं मला," इंदूताई म्हणाल्या. "कानाचं मशीन नवीन आहे."

गोष्ट अशी होती. साठ वर्षांपूर्वी कंपनी घाटावर शूटिंगला आली. ठरलेली नटी तापाने आजारी पडली आणि वडिलांच्या ओळखीने सतरा वर्षांच्या इंदूला उभं केलं. पूर वाईच्या नदीत मावेना म्हणून तो कऱ्हाडच्या संगमावर जाऊन घेतला, पण मरण मात्र वाईच्या घाटावरच झालं. एक वाक्य, आणि तोंडावरच्या मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला सारायच्या. पुढच्याच महिन्यात इंदूचं लग्न झालं. सासरी सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. पुढे टीव्हीवर आला तेव्हा सगळं घर समोर बसलं, वरात झाली, 'समाप्त' आलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "सून छान दिसली हो. मुंडावळ्यांच्या मागे."

"तेव्हापासून आमच्या घरात ही म्हण आहे," श्रीकांत हसत म्हणाला. "कुणी थाप मारली की म्हणायचं, मुंडावळ्यांच्या मागे."

इंदूताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटलीत डाळिंब्यांची उसळ वाढली आणि विचारलं, "काय हो, तुम्ही मला खरं ठरवायला आलात की खोटं?"

"वाक्य काय होतं?" मी विचारलं.

"हरी पायरीवर पडलेला असतो. मी त्याचं डोकं मांडीवर घेते. तो विचारू बघतो, ते नेहमीचंच, पण ओठ नुसते हलतात. मग मीच सांगते: नाव बांधली, दादा. आता नीज."

त्या हे अजिबात अभिनय न करता बोलल्या. मी चावायचा थांबलो. श्रीकांत खिडकीबाहेर बघत होता. पुढे जाता जाता लिफ्टपाशी त्यानेच सांगितलं, की रात्री घराला कडी लावली की आई अजून रोज म्हणते, नाव बांधली.

माझ्याकडे धागा एकच होता. टीव्हीच्या प्रतीतल्या शेवटच्या रिळाच्या सुरुवातीला, जिथे प्रेक्षकाला काही दिसत नाही, तिथे कुणीतरी लाल रंगाने लिहिलं होतं: चंद्रज्योत टुरिंग टॉकीज, तासगाव.

तासगाव

सातारा, कऱ्हाड, विटा. सातारच्या थांब्यावर कंदी पेढे घेतले नाहीत, हा माझ्या चारित्र्यातला मोठा क्षण मानावा. विट्यात घेतलेलं भडंग तासगाव येईपर्यंत संपलं आणि गाडीच्या सीटवर लसणीच्या पाकळ्यांचा सडा पडला.

मार्चमध्ये तासगाव वासावर ओळखता येतं. द्राक्षांच्या बागा संपतात तिथे बेदाण्याच्या शेड सुरू होतात: हिरव्या कापडाच्या लांबलचक मांडवात एकावर एक दहा-बारा जाळ्या ताणलेल्या, त्यांवर द्राक्षं पसरलेली आणि मधून कोरडा वारा फिरतोय. हिरवं द्राक्ष तिथे पंधरवड्यात सुरकुततं आणि गोड होतं. मी पन्नाशी ओलांडली आहे. पहिली अर्धी गोष्ट जमली आहे.

चंद्रज्योतच्या मालकाचे चिरंजीव बाबासाहेब आता बेदाण्याचे व्यापारी आहेत. त्यांच्या बैठकीत देवघराशेजारी एक प्रोजेक्टर उभा आहे, गळ्यात हार, लेन्सला हळदकुंकू. मी आपसूक चप्पल काढली.

"बरं केलंसा," बाबासाहेब म्हणाले. "आमचं दादा म्हनायचं, लक्ष्मी डब्यात आसती, पर पडती ह्याच्या डोळ्यातनं. बसा. च्या घेनार का द्राक्षाचा रस?"

मी दोन्ही घेतलं.

त्यांनी हकिगत सांगितली. दसऱ्यानंतर तंबू निघायचा. दोन ट्रक, एक जनरेटर, बारा माणसं. गावोगावच्या जत्रांच्या तारखा दादांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, पाठ. तंबू उभा राहिला की पहिला नारळ प्रोजेक्टरला, आणि पहिला खेळ देवाचा. पडद्यासमोर अगदी पुढे एक कोरी घोंगडी अंथरायची. तिथे कुणी बसायचं नाही. तिथे देव बसतो.

"आणि सिनेमा देवाला आवडला नाही तर?"

"तवा जनरेटर बंद पडतू," बाबासाहेब शांतपणे म्हणाले.

शहरात आठवडाभरही न चाललेल्या 'पैलाडचा दिवा'ची ही एकच प्रत उरली होती, कारण ती दादांनी कायमची घेऊन टाकली होती. टीव्हीवाले मागायला आले, घेऊन गेले, आणि तिसऱ्या स्मरणपत्रानंतर परत देऊन गेले. शेडमागच्या कोरड्या खोलीत, बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, नऊ डबे ओळीने ठेवले होते. मी पांढरे सुती हातमोजे चढवले. फिल्मला हात लावायचा तर ते घालावेच लागतात. बाबासाहेबांचे हमाल काम सोडून जमले.

नववं रीळ काचेच्या दिव्यावर उलगडलं. वरात. वरात. वरातीचा घोडा. आणि मग, भिंग लावून पाहिलं तर, एक सांधा. चिकटपट्टीचा नव्हे, पातीने खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून, इतका सरळ बसवलेला की माझ्यासारख्याची मान झुकावी. सांध्याच्या या बाजूला घोडा आणि त्या बाजूला 'समाप्त'.

"इथून काहीतरी कापलंय," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण एका हमालाने मला बेदाणे दिले.

"व्हय, मयत कापलंय," बाबासाहेब म्हणाले. "आमच्या तंबूत कुनी मेलं न्हाई."

मी खाली बसलो. खाली जाळीवरून काढलेला ओला माल होता, हे नंतर कळलं. पँटचा तो भाग आजतागायत चिकट आहे.

"आवं, जत्रा म्हंजी काय?" ते मला लहान पोराला सांगावं तसं सांगू लागले. "समद्या लेकी माहेराला आलेल्या. देव म्होरं घोंगडीवर बसलेला. पयल्याच जत्रंला हे पिच्चर लावलं. भैनीच्या लग्नात भाऊ मेला. समद्या बाया एकदम रडाय लागल्या आन् उठून चालल्या, आपापला भाऊ कुटं हाय बघाय. तंबू रिकामा. एक बाई तर भाऊ गाडीतळावर झोपला हुता त्येला उठवून मारलं तिनं, का झोपला म्हनून. सकाळी गावची पंच मंडळी आली. म्हनली, शेठ, पिच्चर झ्याक हाय, पर देवाम्होरं मयत नको. मयत काढा, वरात ऱ्हाऊ द्या."

"आणि दादांनी काढलं."

"दादा न्हाई. सोपाननानांनी. आमचं आपरेटर. ती पट्टी कुटं हाय ती त्येंनाच ठावं. माण तालुक्यात आसत्यात, दहिवडीच्या अलीकडं."

म्हणजे उभ्या महाराष्ट्राने टीव्हीसमोर बसून जो शेवट पाहिला, माझ्या आईने ज्यावर डोळे पुसले, तो एका जत्रेच्या पंचांनी ठरवलेला होता. मला आनंदाने शिट्टी वाजवावीशी वाटली. तोंडात बेदाणे होते.

आठातले तीन दिवस गेले होते.

माणात

विटा, मायणी ओलांडली की पृथ्वी एकेक वस्तू उतरवून ठेवायला लागते. आधी ऊस जातो, मग केळी, मग झाडं, शेवटी सावली. उरते ती मोकळी माळरानं, दगडी बांधांच्या ताली आणि आकाश. मी घाटाखालच्या हिरवाईत वाढलेला माणूस, मला इथे आधी तहान लागली आणि मग एकदम बरं वाटलं, फर्निचर हलवलेल्या खोलीत वाटतं तसं.

सोपाननानांची वस्ती रस्त्यापासून आत आहे. पत्र्याचं घर, छपरावर सौर दिवा, शेजारी शेळ्यामेंढ्यांचा वाडगा. मी गाडीतूनच हातमोजे घालून उतरलो, ही चूक झाली. नानांची सून पदर खोचत पुढे आली.

"लवकर आलासा. ती काळी मेंढी बघा आदी. दोन दीस चरना."

मी जनावरांचा डॉक्टर नाही हे पटवून द्यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात एका शेळीने माझ्या खिशाबाहेर लोंबणारा जादा हातमोजा ओढून घेतला आणि माझ्या डोळ्यांत बघत खाऊन टाकला.

"लय हावरी हाय ती," घरातून आवाज आला. "तुमच्या हातात दुसरं हायती न्हवं, मग चाललं."

नाना म्हणजे काटक, उंच, डोक्याला लाल पटका, वय विचारलं तर "दोन मोठं दुष्काळ आन् वर काय आसंल ती" असं सांगणारे. दोन्ही मुलगे मुंबईला. सुनेने हुलग्याचं माडगं समोर ठेवलं, वाफाळतं आणि जिऱ्यालसणीचं, त्याबरोबर बाजरीची भाकरी. पुण्यात याला सूप म्हणून काचेच्या वाटीत देतील. मी तीन वाट्या प्यायलो. बदल्यात स्ट्रॉबेरीची दुसरी पेटी पुढे केली. ती एव्हाना जॅम होण्याच्या मार्गावर होती. नानांनी त्यातल्या त्यात धड एक उचलली, फिरवून पाहिली, खाल्ली.

"रूप बघून वाटलं साखर. निघाली चिंचंची भैन."

मग मी विषय काढला. नानांनी रस लागलेली बोटं धोतराला पुसली.

"आदी म्या हात धरला हुता," ते म्हणाले. उजवा पंजा उघडून त्यांनी समोर धरला, जणू तिथे अजून प्रोजेक्टर आहे. "पयल्या राती बाया उठल्या. दुसऱ्या राती मयताची येळ आली का म्या लेन्सम्होरं हात लावला. पडदा काळा. पर आवाज कसा झाकायचा? ती पोरगी बोलती न्हवं का, नाव बांधली, दादा. तेवढंच अंधारात आलं. मंग काय, पयल्यापरीस दुप्पट रडल्या. म्हनून कापलं."

वाक्य शब्दाला शब्द तेच.

"आणि कापलेली पट्टी, नाना? टाकली?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भाकरीत तोंड घातलं.

"मयत कुनी टाकतं व्हय?"

ते उठले, वाडग्याच्या छपराखाली गेले आणि आढ्याला टांगलेलं एक गाठोडं सोडवून आणलं. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला पत्र्याचा चपटा डबा. त्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं होती, चाळणीसारखी.

"ही भोकं?"

"मडं कोंडू न्हाई. वारं लागाय पायजे."

मी नाक पुढे केलं. माझं नाक या धंद्यात माझ्या पदवीपेक्षा जास्त कामाला आलेलं आहे. मेंढीच्या लोकरीचा वास आला, धुराचा आला, थोडा उदबत्तीचा. व्हिनेगरचा नाही.

वाचकहो, इथे जरा धंद्यातलं सांगतो. फिल्म बंद डब्यात कोंडली की तिचाच आंबूस वाफारा तिला खातो. म्हणून तिला हवा लागावी, ती कोरडी असावी, आणि वर्षातून एकदा उलगडून पुन्हा गुंडाळावी, हे आम्ही लोक परिषदा भरवून एकमेकांना सांगतो. मी नानांना विचारलं, हा डबा कधी उघडता का?

"दर सर्वपित्रीला. खाली काढतो, समदी पट्टी मोकळी करतो, दिसभर सावलीत वारं दावतो. घास ठेवतो. मंग परत गुंडाळून वर."

"घास कुणाला?"

"त्येला. नावाड्याला." नाना माझ्याकडे न बघता बोलत होते. "आवं, आमी त्येचं मयत झाकलं. उभ्या मुलकात त्येच्यासाटी कुनी रडलं न्हाई. म्याच कापलं, तर त्येचं म्याच कराय नगं व्हय?"

सून हळूच म्हणाली, "आमच्यात पानं सात निघत्यात. घरच्यांची सा आन् सातवं शिनेमातल्याचं."

गाडीतून मी काचेचा दिवा आणि भिंग आणलं. पट्टी उलगडली. ओरखडा जवळजवळ नव्हता. कसा असणार? दोन रात्रींपलीकडे ती प्रोजेक्टरमधून गेलीच नव्हती. सिनेमाची बाकीची आठ रिळं हजारो वेळा फिरून म्हातारी झाली होती आणि हे मरण तेवढं, साठ वर्षांचं, कोवळं करकरीत राहिलं होतं.

पण नानांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

"हे न्हेऊन काय करनार?"

मी सांगितलं. डिस्क निघेल, लोक घरी बघतील.

"घरात? म्हंजी कुनाच्या घरात लगीन आसंल, बारसं आसंल, आन् हे तिथं मरनार?" त्यांनी मान हलवली. "म्या सोडून दिलं तर त्येला आवरनार कोन? न्हाई. हे न्हाई जमायचं."

मी कला, इतिहास, पुढच्या पिढ्या असं बरंच बोललो. शेळीसुद्धा निघून गेली. शेवटी मी गप्प बसलो आणि मला सुचलेली एकच शहाणपणाची गोष्ट केली. "नाना," म्हणालो, "त्याची बहीण जिवंत आहे. तिलाच विचारा."

नानांनी वर पाहिलं. "ती पोरगी? बोलती ती?"

"तीच. वाईला असते."

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. नानांनी आधी पटका नीट केला.

"बाई, रामराम. म्या सोपान, माणातनं. तुमच्या भावाचं मयत माज्याकडं हाय."

मग इंदूताईंचा आवाज आला, हळू. "किती वर्षं?"

"साठेक झाली आसतील. रोज वारं हाय त्येला. सर्वपित्रीला पान आसतं."

"मला ठाऊक नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तो फक्त मलाच आठवतो."

"न्हाई, न्हाई. हितं समद्यांना ठावं हाय. माज्या नातवंडांना बी. तुमी न्हेनार का त्येला?"

"न्यायला हवं, नाना. पोरं म्हणतात मी थापा मारते."

नानांना हे भलतंच लागलं. "कोन म्हनतं? फोन द्या त्येला."

"तो बाजारात गेलाय," इंदूताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मिस्कील झाला. "तुम्ही इथे येऊनच सांगा की."

मी मध्ये तोंड घातलं. भिंगातून मी एक चेहरा पाहिला होता, नखाएवढा, आणि ते सांगायला माझी जीभ वळवळत होती. "इंदूताई, त्यात तुमचा..."

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी बघेन."

नानांनी डबा माझ्या हातात दिला. देताना त्यावर चिमूटभर भंडारा टाकला. तो पुढे माझ्या स्कॅनरमध्ये सापडला आणि मी तो पुसलेला नाही.

पुन्हा वाई

पुण्याचे तीन दिवस गाळतो. त्यात चहा, मानदुखी आणि संगणकाचा पंखा याखेरीज काही नाही. कंपनीला मी सातव्या दिवशी सकाळी ती सात मिनिटं पाठवली. दुपारी त्यांचा फोन आला. बोलणारी बाई नाक ओढत होती. डिस्कवर दोन्ही शेवट ठेवायचे ठरलं. सुरुवातीलाच निवड येते: 'मूळ शेवट' आणि खाली 'जत्रेचा शेवट'. घरात लग्न-बारसं असेल त्यांनी दुसरा लावावा, ही सूचना नानांची आहे आणि ती जशीच्या तशी छापली आहे.

आठव्या दिवशी मी वाईला पोचलो तेव्हा नाना एसटीने माझ्या आधीच येऊन इमारतीखाली उभे होते. नवा पटका, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. लिफ्टमधल्या आरशापुढे त्यांनी ओळखीच्या माणसापुढे लववावी तशी मान लववली. इंदूताईंनी दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग नाना म्हणाले, "तुमी लय रडवलंसा बायांना." इंदूताई म्हणाल्या, "आणि तुम्ही एकाही बाईला मला बघू दिलं नाहीत." मग दोघंही हसायला लागले.

श्रीकांतने पडदे ओढले. दुपारचे तीन वाजले होते, फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर आली, तंबूच्या भोकातून यायची तशी, असं नाना म्हणाले. टीव्हीसमोर सोफा होता, पण नाना जमिनीवर बसले आणि आपल्या पुढची सतरंजीची जागा त्यांनी हाताने झाडून मोकळी ठेवली. श्रीकांत तिथे बसायला गेला तर त्यांनी त्याचा सदरा धरून मागे ओढला. "तिथं न्हाई. तिथं देव."

मी शेवटचं रीळ लावलं. वरात आली. घोडा आला. ज्या ठिकाणी आयुष्यभर 'समाप्त' यायचं तिथे ते आलं नाही. घाट आला, ओल्या पायऱ्या, पहाटेचं धुकं, आणि त्यातून हरी नावाडी दोरखंड ओढत वर चढताना. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. खाली बसला. कलंडला.

शेजारी काहीतरी हललं. नानांचा उजवा हात आपोआप वर आला होता, पंजा उघडा, बोटं जुळलेली, टीव्हीच्या दिशेने. त्यांना स्वतःला ते कळलेलं नव्हतं.

"नाना," इंदूताई त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "हात खाली घ्या. आता मी येते."

हात खाली आला.

चुडा भरलेल्या दोन मनगटांनी मुंडावळ्या बाजूला सारल्या, आणि सतरा वर्षांची एक मुलगी, रुंद कपाळाची, पावसाने भिजलेली, थेट आमच्याकडे बघू लागली. श्रीकांतने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तेच कपाळ त्यालाही आहे; माझ्या हे तेव्हाच लक्षात आलं.

"नाव बांधली, दादा," ती म्हणाली. "आता नीज."

'समाप्त' आलं आणि गेलं. पडदे कुणी उघडले नाहीत. नाना पटक्याच्या शेवाने डोळे पुसत होते, साठ वर्षं ज्यांना रडू दिलं नव्हतं त्या सगळ्यांच्या वाटचं. श्रीकांत मात्र उठला, सोफ्याला वळसा घालून आईपाशी आला आणि तिच्या पायाशी फरशीवर बसला.

"आई," तो म्हणाला, "परत लावू का?"

"लाव," इंदूताई म्हणाल्या. "मघाशी मी नानांचाच हात बघत होते."